परमप्रसर आणि आवर्तनकाल : सूत्र, संकल्पना आणि अध्यापन – एक चिकित्सा

प्रस्तावना

उच्च माध्यमिक स्तरावरील त्रिकोणमितीत एक प्रश्न ठरलेल्या साच्यात विचारला जातो : ‘य = ३ साइन (२क्ष + ५) या फलनाचा परमप्रसर व आवर्तनकाल काढा.’ त्याचे उत्तरही ठरलेले असते. साइनच्या आधी असलेला ३ हा परमप्रसर होय आणि २ पाय या संख्येला क्षच्या सहगुणकाने, म्हणजे २ ने, भागून येणारा पाय हा आवर्तनकाल होय. (येथे व पुढे ‘पाय’ म्हणजे वर्तुळाचा परीघ व व्यास यांचे गुणोत्तर, सुमारे ३.१४१६.) दोन ओळींत प्रश्न सुटतो. उत्तर बरोबर असते आणि विद्यार्थी पुढील उदाहरणाकडे वळतो.

मात्र त्याच विद्यार्थ्यास ‘परमप्रसर म्हणजे काय?’ असा प्रश्न विचारल्यास ‘साइनच्या आधीचा अंक’ हे उत्तर येण्याचा संभव अधिक असतो. हे उत्तर चुकीचे आहे. परमप्रसर हा फलनाचा गुणधर्म आहे. कोणत्या अक्षराच्या जागी कोणता अंक लिहिला आहे, यावर तो ठरत नाही. आवर्तनकालाबाबतही हेच म्हणता येईल. प्रस्तुत लेखात या दोन संकल्पनांच्या प्रचलित मांडणीची चिकित्सा केली आहे. सूत्र खोटे आहे असा या लेखाचा दावा नाही. सूत्र व्याख्येच्या आधी आले, आणि पुढे व्याख्येच्या जागीच बसले, की ज्ञानव्यवहारात कोणती हानी होते, हे दाखविणे हा लेखाचा हेतू आहे.

संज्ञांचा विचार

मराठी विज्ञानलेखनात या राशीसाठी ‘परमप्रसर’ आणि ‘आयाम’ हे दोन्ही शब्द रूढ आहेत. ‘प्रसर’ म्हणजे पसरणे आणि ‘परम’ म्हणजे सर्वाधिक. मध्यम स्थितीपासून एका बाजूस होणारे सर्वाधिक स्थानांतर, असा या शब्दाचा अर्थ आहे. येथे ‘मध्यम स्थितीपासून’ हे शब्द निर्णायक आहेत. वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतचे संपूर्ण अंतर म्हणजे परमप्रसर नव्हे, तर त्या अंतराचे निम्मे. म्हणून व्याख्या अशी होते : फलनाची कमाल व किमान किंमत अस्तित्वात असेल, तर त्यांच्या वजाबाकीचे निम्मे म्हणजे परमप्रसर. कमाल व किमान किमतींच्या बेरजेचे निम्मे केले की मध्यम स्थिती मिळते.

‘आवर्तनकाल’ या शब्दातील ‘काल’ थोडा फसवा आहे. लंबकाच्या दोलनात किंवा विजेच्या प्रवाहात चल राशी काळ असते, तेथे हा शब्द चपखल बसतो. परंतु साइन या मूळ फलनात चल राशी कोन आहे. त्याचे आवर्तन ३६० अंशांचे असते आणि अंश हे काळाचे एकक नव्हे. व्याख्या नेमकी करायची तर ती अशी : क्षच्या प्रत्येक किमतीसाठी क्षची किंमत ट ने वाढविली असता फलनाची किंमत बदलत नसेल, तर ट हे फलनाचे एक आवर्तन होय; अशा धन आवर्तनांपैकी सर्वांत लहान आवर्तन असेल, तर ते मूळ आवर्तनकाल होय. या व्याख्येतील ‘प्रत्येक’, ‘सर्वांत लहान’ आणि ‘असेल तर’ या तीन शब्दबंधांकडे अध्यापनात पुरेसे लक्ष दिले जात नाही. पुढे दाखविलेल्या बहुतेक चुकांचे मूळ यांपैकी एखाद्याच्या विस्मरणात आहे.

यातून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. परमप्रसराचे एकक फलनाच्या किमतीचे असते, तर आवर्तनकालाचे एकक चल राशीचे असते. क्ष अंशांत मोजला तर साइनचे आवर्तन ३६०, रेडियनमध्ये मोजला तर २ पाय. परमप्रसर मात्र दोन्ही वेळा १ च राहतो. आलेखाच्या भाषेत सांगायचे तर परमप्रसर उभ्या अक्षावर वाचावयाचा असतो आणि आवर्तनकाल आडव्या अक्षावर. सूत्रात दोन्ही संख्या शेजारी शेजारी लिहिल्या जात असल्याने हा मूलभूत भेद झाकला जातो.

‘त्रिज्या’ या शब्दातील इतिहास

परमप्रसर ही कल्पना आधुनिक भौतिकशास्त्राबरोबर आपल्याकडे आली, असा समज असणे स्वाभाविक आहे. परंतु शाळेत रोज उच्चारल्या जाणाऱ्या एका शब्दातच ती दडलेली आहे. तो शब्द म्हणजे ‘त्रिज्या’.

भारतीय ज्योतिषगणितात वर्तुळाचे १२ राशी, ३६० अंश आणि २१,६०० कला असे भाग केले जात. दिलेल्या कंसासाठी अर्ध्या जीवेची लांबी म्हणजे ज्या. कंस वाढत गेला की ज्या वाढत जाते आणि तीन राशींच्या, म्हणजे ९० अंशांच्या, कंसाला ती सर्वांत मोठी होते. तेथे ज्येची लांबी वर्तुळाच्या केंद्रापासून परिघापर्यंतच्या अंतराइतकी असते. ‘त्रिराशिज्या’, म्हणजे तीन राशींची ज्या, हेच त्रिज्या या शब्दाचे मूळ. आज हा शब्द केवळ वर्तुळाचे माप म्हणून वापरला जातो. परंतु मुळात तो ज्या या राशीच्या कमाल किमतीचे, म्हणजे आजच्या भाषेत परमप्रसराचे, नाव आहे.

इ. स. ४९९ मधील ‘आर्यभटीया’त २२५ कलांच्या अंतराने २४ ज्यांची सारणी देता येईल असे ज्यांतर दिले आहेत. त्या सारणीतील शेवटची, म्हणजे ९० अंशांची, ज्या ३४३८ येते. ही संख्या यादृच्छिक नाही. २१,६०० कलांच्या परिघाला २ पायने भागले असता सुमारे ३४३७.७५ मिळते. म्हणजे त्रिज्या व कंस एकाच एककात मोजता यावेत अशी ही निवड आहे. पुढे रेडियन या एककात जो विचार आला, त्याच्याशी हिचे नाते उघड आहे. परमप्रसर ३४३८ आणि आवर्तन २१,६०० अशी ही जोडी होती.

‘सूर्यसिद्धान्ता’त हीच कल्पना एका पायरीने पुढे जाते. सूर्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्ताच्या उत्तरेस किंवा दक्षिणेस त्याचे कोनीय अंतर, काढताना परमक्रांतीची ज्या १३९७ धरली आहे. सूर्याच्या भोगांशाच्या ज्येला १३९७ ने गुणून ३४३८ ने भागले की इष्ट क्रांतीची ज्या मिळते. हा ‘अ साइन क्ष’ याच रूपाचा व्यवहार आहे. त्यातील अ या संख्येला ‘परम’ हे विशेषण लावून स्वतंत्र नाव दिलेले आहे, ही बाब महत्त्वाची आहे. येथे परमक्रांती २४ अंश धरलेली होती. आजचे मूल्य सुमारे २३ अंश २६ कला आहे. आवर्तन मात्र सर्वांच्या परिचयाचे आहे : उत्तरायण-दक्षिणायनाचे एक चक्र, म्हणजे एक वर्ष.

युरोपात लिओनार्ड ऑयलर यांनी १७४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अनंत राशींच्या विश्लेषणावरील ग्रंथात वर्तुळाची त्रिज्या १ मानली आणि साइन ही रेषेची लांबी न राहता एका चल राशीवर अवलंबून असलेली शुद्ध संख्या झाली. विश्लेषणाच्या दृष्टीने हे मोठे पाऊल होते. परंतु त्याचा एक परिणाम अध्यापनात जाणवतो. त्रिज्या १ झाल्यामुळे मूळ फलनाचा परमप्रसर दिसेनासा झाला, आणि तो पुन्हा आणावयाचा तेव्हा बाहेरून गुणलेल्या अ च्या रूपाने आला. विद्यार्थ्यास अ हा जोडलेला अंक वाटतो. तो फिरत्या वर्तुळाची त्रिज्या आहे, हे त्याला कोणी सांगत नाही.

सूत्राची सिद्धता आणि तिची मर्यादा

सूत्राच्या बाजूने जे म्हणता येते ते प्रथम मान्य केले पाहिजे. य = अ साइन (बक्ष + क) + ड या रूपात, अ व ब शून्य नसताना, सूत्र पूर्णतः खरे आहे आणि त्याची सिद्धता अवघड नाही. साइनची किंमत −१ ते १ या दरम्यान असते, म्हणून य ची किंमत ड − |अ| ते ड + |अ| या दरम्यान असते. दोन्ही टोकांची वजाबाकी २|अ|, तिचे निम्मे |अ|. तसेच साइनच्या आतील राशी २ पायने वाढली की एक आवर्तन पूर्ण होते. ब ने गुणलेल्या क्षसाठी ही वाढ होण्यास क्ष २ पाय ÷ |ब| ने वाढावा लागतो. क मुळे आलेख डावीकडे किंवा उजवीकडे सरकतो, ड मुळे वर किंवा खाली. या दोहोंमुळे परमप्रसर वा आवर्तनकाल बदलत नाही.

ही सिद्धता पाच-सहा ओळींची आहे. ती वर्गात झाली तर सूत्र व्याख्येचे फळ म्हणून उभे राहते. ती वगळली तर सूत्र हा केवळ अक्षरे ओळखण्याचा नियम उरतो. हा नियम कोठे कोसळतो, ते पुढील उदाहरणांवरून दिसेल.

चुकांची मीमांसा

पहिले उदाहरण य = −३ साइन २क्ष हे घेऊ. ‘आधीचा अंक’ या समजुतीने परमप्रसर −३ लिहिला जातो. परंतु परमप्रसर हे अंतर आहे आणि अंतर ऋण नसते. ऋण चिन्हामुळे आलेख उलटा होतो, त्याचा पसारा बदलत नाही.

दुसरे उदाहरण य = ५ + २ साइन क्ष. येथे कमाल किंमत ७ असल्याने परमप्रसर ७ असे उत्तर दिले जाते. कमाल ७, किमान ३, वजाबाकी ४, तिचे निम्मे २ हे खरे उत्तर. मध्यम स्थिती शून्य नसून ५ आहे, याचे भान सुटल्याने ही चूक होते.

तिसरे उदाहरण य = ३ टॅन २क्ष. नियमाने परमप्रसर ३ व आवर्तनकाल पाय अशी उत्तरे येतात. दोन्ही चुकीची आहेत. टॅनची किंमत अमर्याद वाढते व घटते, त्यास कमाल किंवा किमान किंमतच नाही. म्हणून परमप्रसर अस्तित्वात नाही. टॅनचे मूळ आवर्तन पाय असल्याने येथे आवर्तनकाल पाय ÷ २ आहे. क्ष पायने वाढविला तरी किंमत तीच येते हे खरे, पण ते सर्वांत लहान आवर्तन नव्हे.

चौथे उदाहरण साइनचा वर्ग. येथे आधीचा अंक १ आणि क्षचा सहगुणकही १, म्हणून परमप्रसर १ व आवर्तनकाल २ पाय असे लिहिले जाते. वर्गाची किंमत ० ते १ या दरम्यानच राहते, म्हणून परमप्रसर निम्मा, म्हणजे १/२. साइन ऋण असतानाही वर्ग धनच राहतो, म्हणून आवर्तन निम्म्यावर, म्हणजे पायवर, येते. साइन वर्ग क्ष = १/२ − १/२ कोसाइन २क्ष हे सर्वपरिचित नित्यसमीकरण हेच सांगते. ते विद्यार्थ्याला पाठ असते. परंतु त्याचा आणि आवर्तनकालाचा काही संबंध आहे, हे त्याच्या लक्षात आणून दिले जात नाही.

बेरजेत प्रश्न अधिक गंभीर होतो. ३ साइन क्ष + ४ साइन क्ष यांचा परमप्रसर अर्थातच ७. ३ साइन क्ष + ४ कोसाइन क्ष यांचा मात्र ५, कारण दोन्ही फलने एकाच वेळी शिखरावर पोहोचत नाहीत. ती पाव आवर्तनाने मागेपुढे आहेत आणि ३, ४ व ५ यांचे नाते येथे काटकोन त्रिकोणाचे आहे. ३ साइन क्ष − ४ साइन क्ष यांचा परमप्रसर १. म्हणजे ३ व ४ हेच परमप्रसर असलेल्या आणि आवर्तन समान असलेल्या दोन फलनांच्या बेरजेचा परमप्रसर त्यांच्या कलेतील फरकानुसार १ ते ७ यांमध्ये कोठेही असू शकतो. परमप्रसरांची बेरीज करणे हा नियम नव्हे.

आवर्तनकालाच्या बाबतीत बेरजेसाठी ‘लघुत्तम साधारण विभाज्य काढा’ असा उपनियम सांगितला जातो. साइन वर्ग क्ष आणि कोसाइन वर्ग क्ष या दोहोंचा आवर्तनकाल पाय आहे. उपनियमानुसार बेरजेचा आवर्तनकालही पाय आला पाहिजे. प्रत्यक्षात ही बेरीज सर्वत्र १ असते. स्थिर फलनासाठी प्रत्येक धन संख्या हे आवर्तन असते. त्यामुळे सर्वांत लहान असे आवर्तनच नसते. साइन व कोसाइन यांची केवलमूल्ये घेतली तर प्रत्येकाचा आवर्तनकाल पाय असतो, बेरजेचा मात्र पाय ÷ २. लघुत्तम साधारण विभाज्य हे बेरजेचे एक आवर्तन असते. ते सर्वांत लहान असेलच असे नाही.

आणि काही वेळा आवर्तन उरतच नाही. कोसाइन क्ष + कोसाइन (√२ क्ष) हे फलन पाहावे. क्ष शून्य असताना त्याची किंमत २ येते. ही किंमत पुन्हा येण्यासाठी दोन्ही पदे एकाच वेळी १ झाली पाहिजेत; म्हणजे क्ष आणि √२ क्ष हे दोन्ही २ पायच्या पूर्ण पटीत असले पाहिजेत. क्ष शून्य नसताना तसे झाले तर √२ हे दोन पूर्णांकांचे गुणोत्तर ठरेल, जे अशक्य आहे. म्हणून हे फलन २ ही किंमत केवळ एकदाच घेते. दोन आवर्ती फलनांची बेरीज आवर्ती नसू शकते, हे सत्य या छोट्या युक्तिवादातून उच्च माध्यमिक विद्यार्थ्यालाही समजू शकते. अक्षर-नियमाला हे सत्य दिसतच नाही, कारण ‘आवर्तन आहे का?’ हा प्रश्न त्यात कधी विचारलेलाच नसतो.

व्यवहारातील दोन दाखले

या चुका केवळ कागदावर राहत नाहीत. घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट आणि वारंवारता ५० हर्ट्झ असते, हे सर्वांना ठाऊक असते. वारंवारतेवरून आवर्तनकाल १/५० सेकंद, म्हणजे ०.०२ सेकंद, सहज निघतो. परमप्रसर २३० व्होल्ट असल्याचे मात्र चुकीने मानले जाते. २३० ही वर्गमध्यमूळ किंमत आहे; परमप्रसर तिच्या √२ पट, म्हणजे सुमारे ३२५ व्होल्ट असतो. हा प्रवाह एकदिश करून त्यावर २५० व्होल्ट क्षमतेचे धारित्र जोडणाऱ्याची चूक परीक्षेतील गुणांपुरती मर्यादित राहणार नाही.

दुसरा दाखला कोकण किनाऱ्यावरील भरती-ओहोटीचा. येथे दिवसातून साधारणपणे दोनदा भरती येते आणि लागोपाठच्या दोन भरत्यांमधील सरासरी अंतर सुमारे १२ तास २५ मिनिटे असते. उदाहरणादाखल एखाद्या बंदरात पाण्याची उंची भरतीस ४.२ मीटर व ओहोटीस ०.८ मीटर आहे असे मानू. वजाबाकी ३.४, तिचे निम्मे १.७ मीटर हा परमप्रसर. मध्यम पातळी २.५ मीटर. आवर्तनकाल १२.४२ तास. यावरून ब ची किंमत काढायची तर २ पायला १२.४२ ने भागावे लागते. ती सुमारे ०.५०६ येते. येथे सूत्राची दिशा उलट झाली आहे. पुस्तकात ब आधी दिलेला असतो आणि आवर्तनकाल नंतर निघतो. निसर्गात आवर्तनकाल आधी मोजला जातो आणि ब हा त्यावरून लिहिलेला अंक असतो. ज्याने केवळ अक्षरे वाचण्याचा सराव केला आहे, त्याला येथे वाचण्यासाठी अक्षरेच मिळत नाहीत.

भरतीचा परमप्रसर रोज सारखाही राहत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते, अष्टमीच्या सुमारास भांगाची. याचे मुख्य कारण दोन आवर्तनांच्या बेरजेत आहे. चंद्रामुळे येणारे मुख्य आवर्तन सुमारे १२.४२ तासांचे, तर सूर्यामुळे येणारे १२ तासांचे असते. चांद्र घटकाचा परमप्रसर १२० सेंटिमीटर व सौर घटकाचा ५० सेंटिमीटर मानला, तर दोन्ही एकाच वेळी शिखरावर असताना १७० आणि परस्परविरुद्ध असताना ७० सेंटिमीटर असा पसारा मिळतो. म्हणजे भांगाच्या दिवशी त्याच बंदरात पाणी ३.२ आणि १.८ मीटर यांच्या दरम्यानच हलेल. ३ व ४ यांच्या बेरजेचा परमप्रसर १ ते ७ यांमध्ये फिरताना वर जे पाहिले, तेच येथे समुद्र करून दाखवितो. दोन्ही घटक पुन्हा एकत्र शिखरावर येण्यास सुमारे १४.७७ दिवस लागतात. हा कालावधी म्हणजे एक पंधरवडा. या काळात भरतीची वेळ घड्याळात १२ तास पुढे सरकते, म्हणजे सरासरीने दर तिथीस ४८ मिनिटे. किनाऱ्यावरील ढोबळ हिशेबात हे अंतर पाऊण तासाचे धरतात. सूत्र न शिकलेला मच्छीमार आवर्तन जाणतो आणि सूत्र पाठ असलेला विद्यार्थी ते जाणत नाही, ही विसंगती शिक्षणव्यवस्थेने गांभीर्याने घेण्यासारखी आहे.

वस्तुतः भरतीत याहून अनेक घटक असतात. दिवसातील दोन भरत्यांची उंचीही बहुधा समान नसते. म्हणूनच भरती-ओहोटीची कोष्टके दरवर्षी नव्याने प्रसिद्ध करावी लागतात. विल्यम थॉमसन (पुढे लॉर्ड केल्विन) यांनी १८७२ च्या सुमारास या घटकांची बेरीज करणारे यंत्र तयार करविले. त्यात प्रत्येक घटकासाठी एक फिरते चाक व एक कप्पी होती, आणि सर्व कप्प्यांवरून गेलेली एकच दोरी त्यांच्या चढउताराची बेरीज करून लेखणी हलवीत असे. चाकावरील खुंटीचे केंद्रापासूनचे अंतर हा त्या घटकाचा परमप्रसर आणि चाकाच्या एका फेरीला लागणारा वेळ हा आवर्तनकाल. आर्यभटांच्या सारणीतील त्रिज्या येथे धातूच्या चाकावर पुन्हा परमप्रसर म्हणून अवतरली, असे म्हणता येईल.

अध्यापनाविषयी काही विचार

प्रचलित मांडणीचे एक समर्थन केले जाते. वेळ कमी असतो, स्पर्धा परीक्षांत वेगाला महत्त्व असते आणि बहुतेक प्रश्न प्रमाण रूपातच येतात. या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु प्रमाण रूपाच्या बाहेरचा प्रश्न आल्यास नियम केवळ निरुपयोगी ठरत नाही. तो चुकीचे उत्तर पूर्ण आत्मविश्वासाने देतो. न येणारे उत्तर विद्यार्थ्याला विचार करावयास लावते. आत्मविश्वासाने आलेले चुकीचे उत्तर विचार थांबविते.

आणखी एक अडचण भाषेची आहे. मराठी माध्यमातून दहावी झालेला विद्यार्थी त्रिकोणमिती ही काटकोन त्रिकोणातील बाजूंची गुणोत्तरे म्हणून शिकतो. अकरावीच्या विज्ञान शाखेत बहुधा इंग्रजीतून त्याच गुणोत्तरांची फलने होतात. लघुकोनाच्या मर्यादेतून कोणत्याही कोनाकडे, त्रिकोणातून फिरत्या वर्तुळाकडे आणि मराठी संज्ञांतून इंग्रजी संज्ञांकडे अशी तीन स्थित्यंतरे त्याला एकाच वेळी करावी लागतात. अशा वेळी अर्थ न कळलेल्या संज्ञेला सूत्र चिकटविणे हा सर्वांत सोपा मार्ग असतो. तो विद्यार्थ्याच्या आळसाचा पुरावा नव्हे, तर त्याला दिलेल्या आधाराच्या अभावाचा आहे. ‘त्रिज्या’सारखा परिचित शब्द येथे दुवा ठरू शकतो.

पुढील क्रम अधिक इष्ट ठरेल. प्रथम फिरत्या वर्तुळावरील बिंदूची उंची मोजून आलेख काढावा. मग आलेखावरून कमाल, किमान व पुनरावृत्ती वाचावी. त्यानंतर व्याख्या लिहावी आणि व्याख्येवरून सूत्र सिद्ध करावे. शेवटी सूत्र लागू होत नाही अशी उदाहरणे मुद्दाम द्यावीत. सायकलच्या चाकाला बांधलेली चिंधी आणि एक मोजपट्टी एवढ्या साधनांवर पहिली पायरी होऊ शकते. प्रश्नपत्रिकेतही ‘काढा’ या क्रियापदाबरोबर ‘अस्तित्वात आहे का, ते सकारण सांगा’ अशी विचारणा असावी.

निष्कर्ष

१. परमप्रसर व आवर्तनकाल हे फलनाचे गुणधर्म आहेत. पदावलीतील अक्षरांच्या जागांशी त्यांचे समीकरण करणे संकल्पनादृष्ट्या सदोष आहे.

२. प्रचलित सूत्र प्रमाण रूपापुरते पूर्णतः खरे आहे. दोष त्याच्या सत्यतेत नसून त्याला मिळालेल्या स्थानात आहे.

३. टॅन, वर्ग, केवलमूल्य आणि बेरीज या चार ठिकाणी व्याख्येकडे परतल्यावाचून योग्य उत्तर मिळत नाही. काही वेळा ‘अस्तित्वात नाही’ हेच योग्य उत्तर असते.

४. भारतीय ज्योतिषगणितात कमाल किमतीला स्वतंत्र नाव व मूल्य देण्याची परंपरा होती. ‘त्रिज्या’ हा शब्द तिचा आजही वापरात असलेला अवशेष असून अध्यापनात त्याचा उपयोग करून घेता येण्यासारखा आहे.

५. वीज व भरती-ओहोटी यांसारख्या व्यवहारांत आधी मोजमाप येते आणि नंतर सूत्र. अध्यापनाचा क्रमही तसाच असल्यास ज्ञान व्यवहाराशी जोडले जाईल.

एखादी राशी किती दूर जाऊन परतते आणि किती अंतराने स्वतःला पुन्हा भेटते, या दोन प्रश्नांची उत्तरे म्हणजे परमप्रसर आणि आवर्तनकाल. हे प्रश्न विद्यार्थ्याने स्वतः विचारावेत, एवढी अपेक्षा त्रिकोणमितीच्या अध्यापनाकडून ठेवणे गैर ठरणार नाही.